सुख शेजारणीला विचारावं

माझ्या वर्गात दरवर्षी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास यायचा, ‘मॅडम, आपल्या विषयाची प्रयोगशाळा कुठे आहे?’ मी खिडकीबाहेर बोट दाखवायचे. बाहेर सायकल स्टँड, त्यापलीकडे चहाची टपरी, आणि टपरीच्या मागून नंदनवन नावाच्या नव्या वस्तीकडे जाणारा धुळीचा रस्ता. पोरं हसायची. मॅडम विनोद करतात, असं त्यांना वाटायचं. मी अजिबात विनोद करत नसे. समुदाय मानसशास्त्र हा माझा विषय. माणसाला एकटं धरून खुर्चीवर न बसवता, तो आपल्या गल्लीत, कामावर, गोतावळ्यात असताना त्याचं बरं चाललंय की नाही, हे समजून घ्यायचं शास्त्र. ते मी उभं आयुष्य शिकवलं, आणि इतक्या चढ्या आवाजात शिकवलं की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक दार लावून घ्यायचे. पण हा विषय माझ्या हातून जवळजवळ गेलाच होता. कसा गेला होता आणि कसा राहिला, ते लिहायला बसले की अजूनही माझी जीभ बोटांच्या पुढे धावते.

सत्तरीचं दशक नुकतं लागलेलं. मी नागपुरात एका कॉलेजात नवीकोरी लेक्चरर होते आणि सक्करदऱ्याला आईवडिलांकडे राहत होते. पीएच.डी. करायची हे ठरलं होतं. कशावर, हेही माझ्यापुरतं ठरलं होतं. साधी माणसं सुखी कशानं होतात? आजारी, वेडी, गुन्हेगार यांच्यावर पुस्तकांचे ढीग होते. आमच्या गल्लीत पापड लाटताना खिदळणाऱ्या बायकांवर एक पानसुद्धा नव्हतं. हे माझ्या डोक्यात आलं त्या दिवशी मी इतकी हरखून गेले की सायकल कॉलेजातच विसरून पायी घरी आले.

माझे मार्गदर्शक म्हणजे आमचे विभागप्रमुख. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. त्यांनी मला बी.ए.पासून शिकवलेलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि बोलणं इतकं मोजकं की चपराशी त्यांच्या मानेच्या हालचालीवरून निरोप ओळखायचा. प्रयोगशाळा हा त्यांचा जीव की प्राण. तिथं मेमरी ड्रम नावाचं एक फिरतं नळकांडं होतं. त्याच्या फटीतून एकेक शब्द दिसायचा आणि शब्द बदलताना ‘खट्’ असा आवाज यायचा. सर त्याला पोटच्या पोरासारखं जपत.

माझा विषय ऐकून ते म्हणाले, “सुख मोजणार कसं?”

“विचारून,” मी म्हटलं.

“बरं. विचारून दाखव. एप्रिलमध्ये संशोधन समितीची बैठक आहे. तोपर्यंत पद्धत बसली तर मी सही करीन. नाही बसली तर तू प्रतिक्रियाकाळावर काम करायचं.”

प्रतिक्रियाकाळ म्हणजे समोर दिवा लागल्यापासून माणूस बटण दाबेपर्यंत जो वेळ जातो तो. चार-पाच वर्षं दिवे आणि बटणं! पण ‘विचारून’ असं मी तोऱ्यात बोलून बसले होते.

मग काय, परदेशी पुस्तकातली एक प्रश्नावली मी मराठीत आणली आणि सक्करदऱ्यातल्या घराघरांत शिरले. ‘आपण स्वतःला किती सुखी समजता?’ खाली पाच उत्तरं, ‘अतिशय सुखी’पासून ‘अतिशय दुःखी’पर्यंत. पुस्तकात सक्त ताकीद होती की प्रत्येकीला एकटीला विचारायचं, जवळ दुसरं कोणी नको. हे लिहिणाऱ्यानं सक्करदऱ्यात एक दुपार काढायला हवी होती. एका बाईला आतल्या खोलीत नेलं की दारात पाच जणी उभ्या. मी दार लावलं तर बाहेर कुजबुज, “कुटुंब नियोजनवाली हाय वाटते.” एका सासूनं तर सुनेचा दंड धरून तिला माझ्यासमोरून ओढूनच नेलं. मी आतून जी तापले! त्या सासूला मानसशास्त्राची व्याख्या ऐकवली. तिनं मला ताक दिलं आणि म्हणाली, “घे, डोकं थंड होईन.”

तरीही मी चिकाटीनं उत्तरं जमवली आणि घरी येऊन मोजली. सगळ्या जणी मधोमध! कुणीही सुखी नाही, कुणीही दुःखी नाही. जिच्या मुलीचं लग्न कालच जमलं होतं तीही ‘बरं हाय’, आणि जिचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळला होता तीही ‘बरंच हाय म्हणायचं’. सरांनी कागद चाळले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. सरांच्या हिशेबात हे खदाखदा हसणं होतं.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “सक्करदऱ्यात कुणालाच काही होत नाही, हे तू सिद्ध केलंस.”

मी तणतणत घरी आले. आईनं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, बरं आहे.” आणि पानावर बसले.

फेब्रुवारीत भिवापूरच्या आत्याचा निरोप आला की वर्षाची मिरची घेऊन जा. भिवापूरची मिरची म्हणजे आमच्याकडे तोंडात घालण्याआधी देवाचं नाव घ्यायची वस्तू. इतवारी स्टेशनवरून छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची गाडी पकडली आणि दोन दिवसांसाठी म्हणून गेले. मनात मात्र मी दिवे आणि बटणं यांच्याशी समझोता करायला लागले होते.

आत्याचं घर गावाच्या टोकाला. मागच्या अंगाला सातरा. सातरा म्हणजे मिरची वाळवायची, निवडायची मोकळी जागा. तिथं लाल ढिगांभोवती बायका गोल करून बसतात आणि एकेका मिरचीचा देठ खुडून टाकतात. दिवसभर हात चालू, आणि हातांपेक्षा तोंड चालू. आत्याही जायची. मी तिच्याबरोबर गेले, तर पहिल्या श्वासालाच असा ठसका बसला की सगळा गोल हसला. तिथला नियम असा की रिकाम्या हातानं कुणी बसायचं नाही. माझ्यापुढे एक ढीग आला.

माझ्यासमोर दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी. घरात दोघींचं बोलणं बंद, चुली वेगळ्या. सातऱ्यावर मात्र मांडीला मांडी लावून बसायच्या, कारण दोघींचे हात सारख्या वेगानं चालायचे आणि मुकादमानं जोडी लावून दिली होती. मी आपली सवयीनं थोरलीला विचारून बसले, “काय म्हणता, सुखी आहात ना?”

“बरं हाय, बाई.”

आलंच ते परत! मी चिडून मिरची अशी मोडली की बिया उडाल्या. तेवढ्यात आत्यानं सहज विचारलं, “अन् धाकटीचं कसं चालू हाय वं?”

आणि थोरली सुटली! “तिचं काय विचारता, आत्याबाई! मस्त चालू हाय तिचं. पोट्टी पास झाली तवापासून सकाळी गाणं म्हणत सडा घालून राहिली. माह्या घरात ऐकू येते ना! नवरा मातर कामाहून आला का खाटेवर पडून राह्यते, हिच्याशी बोलत नाही. सांच्याले हिचं तोंड उतरलेलं असते.”

“खोटं!” धाकटी फणकारली. “बोलते तो. जेवल्यावर बोलते. तुमचं दार तवा लागलेलं राह्यते.”

“मंग तेवढं खोटं. बाकीचं?”

“बाकीचं खरं,” धाकटी म्हणाली आणि लाजून खाली पाहत हसली.

माझे हात थांबले. घरात एकमेकींशी न बोलणाऱ्या या बायकांना एकमेकींच्या सुखाचा सकाळ-संध्याकाळचा हवामानाचा अंदाज ठाऊक होता! मी धाकटीकडे वळले, “आणि थोरल्या बाईंचं?” तीही तशीच सुटली. मग तिच्या पलीकडचीला विचारलं, मग तिच्या पलीकडचीला. प्रश्न एक जागा सरकवला की गोलातली प्रत्येक बाई धबाधबा बोलत होती. जिच्याबद्दल बोललं जाई ती ऐकत असे आणि ‘खरं’ किंवा ‘खोटं’ म्हणून दुरुस्ती करत असे. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. त्यांची बसायची रीतच तशी होती.

घरी परतताना मी आत्याला विचारलं, “स्वतःबद्दल काहून नाही सांगत कुणी?”

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. “येडी का काय तू? सोताच्या तोंडानं सुखी हावो म्हटलं तर दृष्ट नाही लागत? अन् दुःखी हावो म्हटलं तर लोक म्हणतीन, हिचं रडगाणं सुरू झालं. शेजारणीनं सांगितलं तर काई होत नाही.”

अरे देवा! इतकी साधी गोष्ट. दृष्ट काढलेल्या मीठमोहऱ्या चुलीत तडतडताना बघत मी लहानाची मोठी झाले आणि पाच खणांची प्रश्नावली घेऊन दारोदार ‘तुम्ही अतिशय सुखी आहात का’ असं विचारत हिंडले. म्हणजे बायकांना मी चक्क स्वतःला दृष्ट लावून घ्या असं सांगत होते. मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं की आत्याला वाटलं मिरची डोक्यात गेली. त्या रात्रीचं जेवण, पाटवडीचा रस्सा आणि भाकरी, मी किती खाल्लं याची शुद्ध मला नव्हती. दोन दिवसांची मी आठवडाभर राहिले.

नागपुरात आले ती तडक प्रयोगशाळेत. जिना कसा चढले ते आठवत नाही. सरांना सगळं एका दमात सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

“याला मराठीत चहाड्या म्हणतात,” ते म्हणाले.

“चहाडी पाठीमागे करतात, सर! इथं ती बाई समोर बसलेली असते. चुकलं की खोडून काढते.”

“समोर आहे म्हणून शेजारीण गोड बोलेल. जे बोचेल ते टाळेल. त्याचा शास्त्राला काय उपयोग?”

“टाळत नाहीत हो!”

“कशावरून?”

माझा राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. मी म्हटलं, “मग चला ना पाहायला! इथं यंत्रं पुसत बसून कसं कळणार?”

बोलले आणि जीभ चावली. मला वाटलं, झालं, दिवे आणि बटणं. पण एखादी गोष्ट न तपासता ‘नाही’ म्हणणं सरांच्या स्वभावातच नव्हतं. “रविवारी गाडी किती वाजता असते?” त्यांनी विचारलं.

सर सातऱ्यावर आले, तेही पांढऱ्या शर्टात. आत्यानं खुर्ची आणली तर थोरली म्हणाली, “खुर्चीवर बसून काय दिसन गा, सर? खाली बसा.” सर खाली बसले. त्यांच्यापुढेही ढीग आला. त्यांनी पहिली मिरची अशी काळजीपूर्वक उचलली की जणू काचेची नळी. देठाऐवजी अर्धी मिरचीच तुटून हातात आली. धाकटी म्हणाली, “असं करसान त गावची मिरची संपून जाईन.” थोड्या वेळानं त्यांनी डोळ्याला हात लावला आणि मग जे व्हायचं ते झालं. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मी एकीकडे हसू दाबत होते, एकीकडे देवाचा धावा करत होते.

गोल सुरू झाला. एक जण दुसरीचं सांगत होती, दुसरी तिसरीचं. सर मान खाली घालून देठ खुडत होते, पण त्यांचे कान टवकारलेले होते. बोचणारं कुणी टाळत नव्हतं. एकीनं शेजारणीच्या दारुड्या दिराचं सांगितलं, ती ‘खरं’ म्हणाली आणि मिरच्या पुढे ओढल्या. मला उकळ्या फुटत होत्या. पाहा सर, पाहा!

फिरत फिरत पाळी माझ्यापर्यंत आली. माझ्या शेजारी सर होते.

“आता तुमच्या सरांचं सांग वं, बाई,” थोरली म्हणाली.

‘सर मजेत आहेत’ असं म्हणून सुटता आलं असतं. अख्खं कॉलेज तेच म्हणायचं, सरही तेच म्हणायचे. पण मग सरांचंच म्हणणं खरं ठरलं असतं, की समोर बसलेल्याला बोचेल ते शेजारी टाळतो. आणि खरं बोलले तर कदाचित विषयही जाईल, सरही जातील. ज्या माणसासमोर आम्ही शिंकसुद्धा दाबायचो, त्याच्याबद्दल, त्याच्या समोर, चारचौघींत!

मी मिरचीकडे बघत बोलायला लागले. “सर मजेत असल्याचं सांगतात. पण सरांच्या पत्नी वारल्या तेव्हापासून सर नीट जेवत नाहीत. खानावळीचा डबा तसाच परत जातो. सुट्टी झाली तरी घरी जात नाहीत. प्रयोगशाळेत यंत्रं पुसत बसतात, आणि ती यंत्रं आधीच स्वच्छ असतात. आम्हाला सगळ्यांना दिसतं. विचारायला कुणी जात नाही, कारण आम्ही घाबरतो. मला वाटतं, सर फार एकटे पडलेत.”

गोलातले हात चालूच होते. माझे कान तापून लाल झाले होते. मी सरांकडे बघूच शकत नव्हते.

“खरं का खोटं गा, सर?” धाकटीनं विचारलं. अगदी साध्या आवाजात, आपल्या जावेला विचारावं तसं.

सरांनी हातातली मिरची पूर्ण केली. “थोडं खोटं आहे,” ते म्हणाले. “मी यंत्रं पुसत नाही. एक यंत्र आहे, ते चालू करून ठेवतो. त्याचा आवाज होतो. घरी कसलाच आवाज नसतो.” मग जरा थांबून म्हणाले, “बाकीचं खरं.”

कुणी चुकचुकलं नाही, कुणी सांत्वन केलं नाही. थोरलीनं त्यांच्यापुढचा संपत आलेला ढीग आपल्या ढिगातून भरून दिला. “इथं त लय आवाज असते,” ती म्हणाली. “येत जाजा.” आणि लगेच, “आता तुमची पाळी. बाईचं सांगा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “हिला राग फार लवकर येतो,” ते म्हणाले आणि सगळ्या खो खो हसल्या. “माझ्याकडे पाच वर्षं शिकली. हुशार होती, पण जिना पाय ओढत चढायची. इथून परतल्यापासून धावत चढते. खालून पावलांचा आवाज आला की मला कळतं, ही आली. हिला हिचं काम सापडलं आहे.”

“खरं का खोटं वं?”

मी नुसती मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

एप्रिलमध्ये समितीची बैठक झाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत कूलरचा वाळ्याचा वास, आणि लांब टेबलापलीकडे सहा ज्येष्ठ मंडळी. माझ्या कागदावर सरांची सही होती. मी पद्धत समजावून सांगितली. आवाज नेहमीप्रमाणे चढलेला. सगळ्यांत ज्येष्ठ गृहस्थांनी तो कागद बोटांनी दूर सारला. ते सरांचे जुने मित्र. दोघं रोज दुपारी एकाच टेबलावर चहा प्यायचे.

“बाई, उत्साह चांगला आहे,” ते म्हणाले. “पण एकाच्या मनाचं दुसऱ्यानं सांगायचं, आणि तेही त्याच्या तोंडावर? असं खरं कुणी बोलतं का? ही पद्धत कुणावर तपासून पाहिली आहे?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर उभे राहिले. ते बैठकीत कधी उभे राहत नसत.

“माझ्यावर,” ते म्हणाले. “बायको गेल्यापासून मी तुम्हाला रोज ‘मजेत’ म्हणून सांगतो. या मुलीनं माझ्या तोंडावर सांगितलं की मी मजेत नाही. तिचं बरोबर होतं.” त्यांनी टेबलावरून एकदा नजर फिरवली. “तुम्ही माझे इतक्या वर्षांचे मित्र. तुम्हाला माहीत होतं?”

त्या गृहस्थांनी कागद परत आपल्याकडे ओढला. त्यांनी खिशातून पेन काढलं, पण सही करायच्या आधी ते सरांकडे वळले.

“माहीत होतं रे,” ते म्हणाले. “विचारलं नाही.”